गोठ्यातल्या हगवणीचीही नोंद हवी

जन्मानंतरचे पहिले तीन आठवडे वासरासाठी सर्वांत धोक्याचे. पातळ, पिवळसर हगवण लागते, डोळे खोल जातात, वासरू दूध पिणे सोडते आणि दोन-तीन दिवसांत दगावतेही. ‘दूध बाधले’ असे म्हणून आपण विषय संपवतो. प्रत्यक्षात यामागे अनेकदा रोटाव्हायरस असतो, आणि त्याचा संबंध गोठ्यापुरता मर्यादित नाही.

१९६९ मध्ये अमेरिकेतील नेब्रास्कात वासरांच्या हगवणीत या विषाणूचा माग लागला. बालकांमध्ये तो सापडला त्यानंतर, १९७३ मध्ये, मेलबर्नला रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना. मुलांच्या जुलाबाचे एक मोठे कारण आधी गोठ्यात ओळखले गेले, ते असे.

या विषाणूची जनुके ११ सुट्या तुकड्यांत असतात. एकाच पेशीत दोन वेगळे रोटाव्हायरस शिरले, तर पत्ते पिसावेत तसे हे तुकडे मिसळतात. हिशेबाने २,०४८ जुळण्या शक्य आहेत. बाहेरच्या आवरणातील दोन प्रथिनांवरून त्यांचे ‘जी’ आणि ‘पी’ प्रकार ठरतात. ‘जी’चे चाळीसहून अधिक आणि ‘पी’चे पन्नासहून अधिक प्रकार आजवर नोंदले गेले आहेत. भारतातील वासरांमध्ये जी-६ आणि जी-१० वारंवार आढळले आहेत.

ही सरमिसळ माणसापर्यंत पोचते, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. १९८० च्या दशकात दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये नवजात बालकांत ‘११६ई’ हा विषाणू सापडला. तो मूळचा माणसाचा. पण त्याचा एक जनुकीय तुकडा गुरांच्या विषाणूकडून आलेला. त्याची लागण होऊनही ती बाळे आजारी पडली नव्हती. त्यावरूनच ‘रोटाव्हॅक’ लस तयार झाली आणि २०१६ मध्ये सार्वत्रिक लसीकरणात आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘रोटासील’ही गुरांच्या आणि माणसांच्या विषाणूंच्या मिश्रणातूनच घडली. इथे मिश्रण उपकारक ठरले. पण प्रत्येक मिश्रण तसेच असेल, याची हमी कोण देणार?

घाबरण्याचे कारण नाही. गुरांचे विषाणू माणसांत क्वचितच येतात आणि आले तरी सहसा फारसे पसरत नाहीत. मात्र लक्ष ठेवण्याचे कारण नक्की आहे. बालकांमधील प्रकार नोंदवणारे राष्ट्रीय जाळे २००५ मध्ये उभे राहिले. वासरांचे अभ्यास मात्र एखादे विद्यापीठ, एखादा जिल्हा, एखादे वर्ष असे तुकड्यातुकड्यांनी झाले. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात १९ कोटींहून अधिक गोवंश आणि जवळपास ११ कोटी म्हशी आहेत. एवढ्या पशुधनाला हे पुरेसे नाही.

त्याची किंमत पशुपालकही मोजतो. काही देशांत गाभण गाईला लस देतात, म्हणजे चिकातून वासराला प्रतिपिंडे मिळतात. पण लशीतील प्रकार आणि गोठ्यातील प्रकार जुळले नाहीत, तर संरक्षण तोकडे पडते. आपल्याकडे कोणते प्रकार फिरताहेत, हे सतत तपासल्याशिवाय योग्य लस निवडणार कशी? पशुवैद्यकीय दवाखान्यांतून हगवणीचे नमुने नियमित गोळा व्हावेत आणि त्यांचे निष्कर्ष बालकांच्या नोंदींशेजारी ठेवून वाचले जावेत. नागपूरला ‘वन हेल्थ’ संस्थेची पायाभरणी २०२२ मध्ये झाली. माणूस आणि जनावर यांचे आरोग्य एकत्र पाहणे हाच तिचा हेतू असेल, तर सुरुवात इथून करता येईल.

तोवर गोठ्यात करण्यासारखे पुष्कळ आहे. गाईच्या वारेतून वासराला प्रतिपिंडे मिळत नाहीत. ती फक्त चिकातून मिळतात आणि ती शोषण्याची आतड्याची क्षमता सुमारे एका दिवसात संपते. त्यामुळे ‘वार पडल्याशिवाय पाजू नये’ ही समजूत वासराच्या जिवावर बेतते. पहिल्या दोन तासांत चीक पाजायला सुरुवात करावी. खरवसाचा विचार वासराचे पोट भरल्यावर. हगवण लागलेले वासरू वेगळे बांधावे, त्याला क्षार-साखरेचे पाणी द्यावे, त्याची शुश्रूषा झाल्यावर हात साबणाने धुवावेत. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. ती पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावीत. आणि वासरू दगावलेच, तर पुरण्याआधी नमुना तपासणीला जावा. त्यातून पुढचे वासरू वाचू शकते, कदाचित एखादे बाळही.