लेकराला निरोप्या करू नका

तुमचं दोघांचं जमलं नाही, वेगळं व्हायचं ठरलं. त्यावर मी काही बोलत नाही. मला बोलायचंय ते तुमच्या तिसरी-चौथीतल्या लेकराबद्दल.

शेजारणीकडून कळण्याआधी तुम्हीच सांगा. शक्यतो शनिवारी, दोघांनी जवळ बसवून. रडलं तर दुसऱ्या दिवशी शाळा नसते. ‘आईबाबा आता एका घरात राहणार नाहीत. यात तुझी काही चूक नाही.’ एवढंच पुरे. पण हे एकदा सांगून भागत नाही. या वयाच्या मुलांना खरंच वाटतं, मी हट्ट केला म्हणून बाबा गेले. महिन्याभराने पुन्हा सांगा.

मग त्याचे प्रश्न येतील. माझी सायकल कुठे राहणार? रिक्षावाले काका कुठून न्यायला येणार? त्याची उत्तरं तयार ठेवा.

कोणता दिवस कोणाकडे, ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याच्यासमोर लिहा. दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टीही आधीच ठरवा. आणि ठरल्या वेळेला पोहोचा. बूट घालून, दप्तर भरून खिडकीशी बसलेलं पोर दर हॉर्नला उठून बघतं. उशीर होणार असेल तर फोन त्याला करा.

‘बाबांना सांग, फी भरायची राहिलीय’, ‘आईकडे कोण कोण येतं गं?’ हे मात्र कधीच नको. पैशाचं, वेळेचं तुम्ही एकमेकांशी बोला. बोलवत नसेल तर मेसेज करा. निरोप पोहोचवणारं मूल दोन्हीकडचा राग झेलतं.

ताब्यावरून वाद असेल, तर कोर्ट आधी मुलाचं हित बघतं. 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्यानुसार, समज आलेल्या मुलाची इच्छा न्यायाधीश विचारात घेऊ शकतात. म्हणून काहीजण मुलाला घरी पढवून नेतात. कृपा करून असं करू नका. आईबाबांपैकी एकाविरुद्ध बोलल्याचं ओझं ते लेकरू पुढे कित्येक वर्षं वाहतं.

वर्गशिक्षिकेच्या कानावर घाला. अभ्यास घसरेल, सकाळी पोटात दुखेल, मोठं मूलही गादी ओली करेल. रागावू नका. आठवडे उलटूनही तसंच राहिलं तर समुपदेशकाकडे न्या. कौटुंबिक न्यायालयातही समुपदेशक असतात, त्यांना विचारा.

आजी-आजोबांनो, तुम्हालाही हात जोडून विनंती. ‘बिचारं पोर’ म्हणून त्याच्यासमोर उसासे टाकू नका. सुनेला, जावयाला नावं ठेवू नका. तुमच्यासाठी ती परकी झाली असतील. त्याचे ते आईबाबाच आहेत.

आणि त्याच्या कपाटाच्या दारावर तिघांचा फोटो असेल, तर तो काढू नका. त्याला वाटेल तेव्हा ते काढेल.