कालातीत म्हणजे काय?

बाख, बेथोवन, ब्राम्स ही नावे एका दमात घ्यायची आणि त्यांना 'कालातीत' म्हणून मोकळे व्हायचे, अशी एक सवय रूढ झाली आहे. साहित्याच्या वर्गात आम्ही शिक्षक मंडळीही हा शब्द सढळ हाताने वापरतो. परंतु बाखच्या संगीताचा मरणोत्तर प्रवास पाहिला, की या शब्दाचा फेरविचार करावासा वाटतो.

योहान सेबास्टियन बाख १७२३ पासून १७५० मध्ये मृत्यू येईपर्यंत लाइपझिगमधील सेंट थॉमस चर्चच्या संगीताची धुरा वाहत होता. त्यानंतर त्याचे नाव पुसले गेले, असे नाही. त्याच्या पियानोपूर्व वाद्यांसाठीच्या रचना हस्तलिखित प्रतींतून जाणकारांत फिरत होत्या; बॉनमधला लहानगा बेथोवन त्या वाजवतच घडला. मात्र दोन गायकवृंद आणि दोन वाद्यवृंद लागणारी 'सेंट मॅथ्यू पॅशन'सारखी भव्य रचना लोकांच्या कानांवर पडेनाशी झाली होती.

११ मार्च १८२९ रोजी बर्लिनमध्ये वीस वर्षांच्या फेलिक्स मेंडेल्सनने ती पुन्हा सादर केली. त्याने तिच्यातील कितीतरी एकलगीते वगळली, काही ठिकाणी वाद्ये बदलली. आजच्या संहितानिष्ठ अभ्यासकाला हे रुचणार नाही. आम्हाला मात्र घटनाक्रम महत्त्वाचा वाटतो. ही काटछाट केलेली रचना लोकांनी आधी ऐकली. बाखच्या समग्र रचना शुद्ध स्वरूपात छापण्यासाठी संस्था स्थापन झाली ती त्यानंतर, १८५० मध्ये. ते काम संपायला जवळजवळ अर्धशतक लागले.

यावर कोणी म्हणेल, की रचनेतच सत्त्व नसते, तर मेंडेल्सन काय करू शकला असता? आक्षेप रास्त आहे. सत्त्वावाचून पुनरुज्जीवन नाही, हे आम्हालाही मान्य आहे. पण केवळ सत्त्व पुरते का? ज्यू कुटुंबात जन्मलेल्या याच मेंडेल्सनचा लाइपझिगमधील पुतळा नाझी राजवटीत, १९३६ मध्ये हटवण्यात आला. त्याचे संगीतही मैफलींतून हद्दपार झाले. त्याच्या रचनांतला एक स्वरही तेव्हा उणावला नव्हता. पुतळ्याची प्रतिकृती बाखच्या त्या चर्चजवळ उभी राहायला २००८ साल उजाडावे लागले.

म्हणून आमच्या मते 'कालातीत' हे विशेषण कलाकृतीइतकेच तिच्या वाचक-श्रोत्यांवरही जबाबदारी टाकते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ही परीक्षेतली टीप आपले विद्यार्थी पाठ करतात. तीनशे वर्षे जुन्या ग्रंथालाही त्या श्रमांची गरज का पडली, हा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो. तो विचारला जावा. अभिजात कृतींना वंदन करणारे पुष्कळ आहेत. त्या उघडून मोठ्याने वाचणारे वर्ग कमी होत चालले आहेत.