गाडी कमी चालते, मग ऑइल कशाला बदलायचे?

शाळेच्या फाटकाशी मुलांना सोडायला येणाऱ्या मोटारी दरवर्षी वाढत आहेत. त्याविषयी आमचे मत पालकांना ठाऊक आहे, आज ते नको. आज थोडे इंजिन ऑइलविषयी. "गाडी फक्त शाळेपुरतीच निघते, ऑइल कशाला बदलायचे?" हे वाक्य आम्ही पालकांकडून नेहमी ऐकतो.

आमच्या मते हा हिशेब उलटा आहे. घर ते शाळा ३ किलोमीटर धरा. सोडणे आणि आणणे मिळून दिवसाला १२, म्हणजे शाळेच्या २२० दिवसांत २,६४० किलोमीटर. या चालीने १०,००० पुरे व्हायला जवळजवळ चार वर्षे लागतील. तोपर्यंत ऑइल टिकत नाही.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी इथे लक्ष द्यावे. १ लिटर पेट्रोल जळले की साधारण तितकेच पाणी वाफेच्या रूपात तयार होते. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून बाहेर जाते, पण थोडी पिस्टनच्या रिंगांजवळून ऑइलमध्ये उतरते. सोबत न जळलेले पेट्रोलही येते. लांबच्या प्रवासात इंजिन चांगले तापते आणि हे बरेचसे उडून जाते. ३ किलोमीटरमध्ये ते नीट तापतच नाही, त्यातून इंदूरच्या जानेवारीतल्या सकाळी तर विचारूच नका. मग ऑइल पातळ होते, त्यात आम्ल वाढते, गाळ साचतो, आणि ऑइलच्या बारीक वाटा तुंबल्या की इंजिन उघडण्याची पाळी येते. म्हणूनच बऱ्याच मोटारींच्या पुस्तिकेत "१०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी येईल ते" असे छापलेले असते. शेवटचे चार शब्द कोणी वाचत नाही.

रंगावरूनही ठरवू नये. डिझेल गाडीत नवे ऑइल थोड्याच दिवसांत काळे पडते, कारण काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. आणि डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा ऑइल बदलायची आठवण देत नाही, दाब घसरल्याची खबर देतो. तो लागला तर गाडी कडेला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे.

आता विश्वस्त मंडळाला विनंती. बसेस उन्हाळ्याच्या सुटीत उभ्याच असतात, तेव्हा त्यांचे ऑइल पुढच्या सत्रात बदलू, अशी सूचना आली आहे. आम्ही तिच्या विरोधात आहोत. फाटकाशी इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या बसचे किलोमीटर वाढत नाहीत, ऑइल मात्र खर्च होत असते. असे आम्ल धरलेले ऑइल दोन महिने इंजिनात ठेवल्याने बेअरिंगचे नुकसान होते. सुटी लागताच ते बदलावे, जुने ऑइल नालीत न ओतता अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यावे. बचतच करायची तर स्नेहसंमेलनाच्या मंडपात करता येईल.

प्रत्येक बसमध्ये ड्रायव्हरजवळ एक कार्ड असावे: ऑइल बदलल्याची तारीख, किलोमीटर आणि ग्रेड. पालकांनी ते मागून पाहिले तरी आमची हरकत नाही.