साइनिंग बोनस : किंमत गुणवत्तेची की नकाराची?

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचा ड्राफ्ट जवळ आला की अठरा-वीस वर्षांच्या मुलांना मिळणाऱ्या लाखो डॉलरच्या साइनिंग बोनसची चर्चा रंगते. आकडे डोळे दिपवणारे असतात. २०२३ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या पॉल स्कीन्सला पिट्सबर्ग पायरेट्सने ९२ लाख डॉलर दिले. मात्र हा बोनस म्हणजे निव्वळ गुणवत्तेचा मोबदला नव्हे. खेळाडू कितपत ठामपणे 'नाही' म्हणू शकतो, यावरही त्याची रक्कम ठरते.

आयपीएलप्रमाणे येथे लिलाव होत नाही. ज्या क्लबने निवडले, त्या एकाच क्लबशी खेळाडूला बोलणी करावी लागतात. नवोदितांसाठी क्लबांमध्ये लागणारी चढाओढ रोखण्यासाठीच १९६५ मध्ये ही पद्धत सुरू झाली. साहजिकच खेळाडूच्या हाती एकच हुकमी पत्ता उरतो. शाळेतून आलेला मुलगा करार नाकारून कॉलेजात जाऊ शकतो. कॉलेजचे तिसरे वर्ष संपवणारा चौथ्या वर्षासाठी परतू शकतो. अखेरच्या वर्षाच्या खेळाडूपाशी हा पत्ताच नसतो. त्यामुळे पहिल्या दहा फेऱ्यांत निवड होऊनही अशा अनेकांना काही हजार डॉलरवर समाधान मानावे लागते.

२०१२ पासून या सौद्याला आणखी एक चौकट आली. पहिल्या दहा फेऱ्यांतील प्रत्येक क्रमांकासाठी 'स्लॉट' म्हणून एक रक्कम ठरते. क्लबच्या वाट्याच्या स्लॉटची बेरीज हा त्याचा बोनस निधी. निधीपेक्षा अधिक खर्च झाल्यास जादा रकमेवर ७५ टक्के कर बसतो. खर्च पाच टक्क्यांहून पुढे गेला, तर भावी ड्राफ्टमधील पहिल्या फेरीची निवडही हातची जाते. कर परवडतो, निवड गमावणे परवडत नाही.

निधीच्या आत मात्र रकमा फिरवता येतात. ह्यूस्टन अॅस्ट्रोजने २०१२ मध्ये ही संधी अचूक हेरली. पहिल्या क्रमांकाचा स्लॉट ७२ लाख डॉलरचा असताना त्यांनी कार्लोस कोरियाशी ४८ लाखांत करार केला. वाचलेल्या पैशांच्या बळावर ४१व्या क्रमांकावरील लान्स मॅककलर्सला त्याच्या स्लॉटच्या जवळपास दुप्पट, म्हणजे २५ लाख डॉलर देता आले. २०१७ मध्ये जगज्जेत्या ठरलेल्या संघात हे दोघेही होते.

याच हिशेबाची दुसरी बाजू दोन वर्षांनी त्याच क्लबमध्ये दिसली. २०१४ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या ब्रॅडी एकेनच्या कोपराबद्दल वैद्यकीय तपासणीनंतर शंका उपस्थित झाली. क्लबने देऊ केलेली रक्कम घटवली आणि करार फिसकटला. खेळाडूने करार केला नाही की त्याचा स्लॉटही निधीतून वजा होतो. एकेनचे सुमारे ७९ लाख डॉलर असे एका फटक्यात नाहीसे झाले. त्याचा फटका पाचव्या फेरीतील जेकब निक्स याला बसला. त्याच्याशी १५ लाखांवर सहमती झाली होती. पण आता ती पाळली असती, तर क्लबला दंडाला सामोरे जावे लागले असते. निक्सचा करार झाला नाही. पुढे संघटनेच्या तक्रारीनंतर तडजोड झाली. तथापि २०१५ मध्ये त्याला सॅन डिएगो पाद्रेसकडून नऊ लाख डॉलरवर कारकीर्द सुरू करावी लागली. एकाच्या कोपराची किंमत दुसऱ्याने मोजली.

या मर्यादा क्लबमालक आणि खेळाडू संघटना यांच्यातील करारातून येतात. करारावर सही करेपर्यंत नवोदित मात्र या संघटनेचा सदस्यच नसतो. ज्यांच्या खिशाला कात्री लागते, त्यांना वाटाघाटीत स्थान नाही.

बोनसचे महत्त्व समजण्यासाठी पुढचा प्रवासही पाहायला हवा. मायनर लीगच्या सर्वांत खालच्या पायरीवर २०२२ पर्यंत वर्षाला पाच हजार डॉलरही मिळत नसत. २०२३च्या करारानंतर ही रक्कम १९,८०० डॉलर झाली. निवडल्या गेलेल्यांपैकी बहुतेक जण मेजर लीगपर्यंत पोहोचतच नाहीत. त्यांच्यासाठी बोनस हीच खेळातून मिळणारी पहिली आणि शेवटची मोठी रक्कम ठरते. २०२२ मध्ये झालेल्या मुख्य कराराची मुदत १ डिसेंबर २०२६ पर्यंतची. नव्या कराराच्या वाटाघाटींत बोनसची मर्यादा बदलली वा तशीच राहिली, तरी ज्यांना ती लागू होणार, ती मुले तेव्हा शाळा-कॉलेजच्या मैदानावरच असतील.