जुनी होडी, नवा धनी

आपल्या सुरतेतील मराठी कुटुंबांचा होडीशी संबंध बहुधा विसर्जनाच्या दिवसापुरता किंवा डुमसच्या सहलीपुरता. वास्तविक हे गाव जहाजबांधणीचे. मुंबईच्या गोदीला नाव मिळवून देणारे लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली येथूनच तिकडे गेले. परंतु नौकेच्या कागदपत्रांशी आपला कधी संबंध येईल असे आम्हांस वाटले नव्हते. तो आला शेजारच्या वहिनींच्या भाच्यामुळे.

हा तरुण डहाणूकडचा, मासेमारीवर पोट असलेला. खाडीपलीकडच्या गावातील एक जुनी यांत्रिक नौका त्याने पसंत केली होती. किंमत ठरली, विसार दिला गेला आणि दुसऱ्या दिवशी उरलेले पैसे देऊन होडी घेऊन जायची, असा बेत होता. सहज म्हणून आम्ही कागद पाहावयास मागितले. नोंदणीचा दाखला होता. पण त्यावर नाव विकणाऱ्याचे नव्हते, त्याच्या दिवंगत वडिलांचे होते.

"काका, होडी तोच चालवतो. सारे गाव त्यालाच मालक म्हणते," भाचा म्हणाला.

गाव म्हणते तेवढ्याने मालकी होत नाही. होडी ही जंगम मालमत्ता. तिची विक्री १९३० च्या वस्तुविक्री कायद्याखाली येते, आणि त्या कायद्याचे मूळ सूत्र असे की, विकणाऱ्याजवळ जेवढा हक्क आहे त्याहून अधिक हक्क तो सामान्यतः दुसऱ्यास देऊ शकत नाही. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे विधवा, मुलगे आणि मुली हे सारे एकाच वेळी वारस ठरतात. चौकशी केली तेव्हा कळले की, घरात आई आहे, दोन भाऊ आहेत आणि नवसारीकडे दिलेली एक बहीण आहे. "बहिणीने होडीत कधी पाऊलही ठेवले नाही," असे विकणाऱ्याचे म्हणणे पडले. आमच्या सौभाग्यवतींनी तेवढ्यात विचारले, "वडिलांच्या घरात तरी ठेवले होते ना?" त्यावर कोणी काही बोलले नाही.

मग रीतसर कामास आरंभ झाला. तलाठ्याकडून पेढीनामा काढला. सर्व वारसांचे संमतिपत्र तयार झाले. काठावर जाऊन होडीवर रंगविलेला नोंदणी क्रमांक आणि इंजिनावरचा क्रमांक दाखल्याशी ताडून पाहिला. बँकेचा वा सहकारी मंडळीचा बोजा शिल्लक नाही असा लेखी दाखला घेतला. मासेमारीच्या नौकांची नोंद मत्स्योद्योग खात्याकडे असते. तेथे आधी वारसांची नावे लावून घेतली आणि होडी दुसऱ्या राज्यात जाणार म्हणून ना हरकत दाखला मागितला. नदीत माल वा उतारू नेणाऱ्या यांत्रिक नौकांचा मार्ग वेगळा. त्यांना २०२१ चा अंतर्देशीय नौका कायदा लागू होतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असे वाचक विचारतील. नोव्हेंबर २००८ मध्ये पोरबंदरची 'कुबेर' ही नौका बळकावून हल्लेखोर मुंबईकडे आले, तेव्हापासून समुद्रावरची तपासणी कडक झाली. ज्याच्या नावाचा कागद नाही, त्याला तटरक्षक दलापुढे उत्तर देता येत नाही. डिझेलावरील सवलत, विमा, वादळात होडी गेल्यास मिळणारी भरपाई, या साऱ्यांची वाट नोंदणीच्या दाखल्यातूनच जाते. समुद्र होडी नेतो तेव्हा कागद तेवढा मागे उरतो. तो दुसऱ्याच्या नावाचा असेल तर घरच्यांच्या हाती काय येणार?

बहीण सहीसाठी आली. आपला वाटा तिने सोडला नाही. मोजून घेतला आणि मग सही केली. भावाचे तोंड उतरले होते, पण आईने लेकीच्या हातात पैसे स्वतः दिले. आम्हांस त्यात गैर काही दिसले नाही.

भाच्याचे दोन महिने मोडले आणि मोसमाचा आरंभ हुकला. तो काही दिवस आमच्यावर रुष्टच होता. आता होडी त्याच्या नावावर आहे. परवा वहिनींकडे तो सुके बोंबील घेऊन आला, तेव्हा आमच्याकडेही एक पुडा आला.

वाचकहो, होडी असो, मोटारसायकल असो की गिरणीतला जुना माग असो, विसार देण्यापूर्वी एवढेच विचारा: कागदावर नाव कोणाचे, आणि त्या नावामागे आणखी माणसे किती?