परवान्याच्या खिडकीवर कोणता प्रश्न विचारायचा?

कन्नडचा औट्रम घाट उतरणाऱ्या जीपमध्ये बसलेल्या माणसाला ड्रायव्हरबद्दल एकच गोष्ट जाणून घ्यायची असते: याला गाडी चालवता येते का? त्याचा बाप कुठे जन्मला, तो स्वतः या राज्यात किती वर्षं राहतो, याचा ब्रेकशी काही संबंध नाही. परवान्याची परीक्षा घेतली जाते ती प्रवाशाच्या जिवासाठी. पण आपल्याकडे परवान्याच्या खिडकीवर हाताच्या कसबाआधी माणसाचं मूळ तपासण्याची सवय वाढते आहे, आणि ती मला धोक्याची वाटते.

ही सवय आपल्या भागाला नवी नाही. कन्नड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. तिथे १९१९ च्या फर्मानाने सरकारी नोकरीसाठी 'मुल्की' असण्याची अट आली. बाहेरून आलेल्याला मुल्की व्हायचं तर १५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागे, शिवाय मूळ गावी परतण्याचा विचार सोडल्याचं प्रतिज्ञापत्रही. उत्तर हिंदुस्थानातून आलेले शिकलेले लोक मोक्याच्या जागा घेतात, ही स्थानिकांची तक्रार खोटी नव्हती. पण तो प्रश्न सरकारी नोकरीचा होता. स्वतःच्या घामावर पोट भरणाऱ्याचा नव्हता.

संस्थान गेलं, १५ वर्षांचा आकडा मात्र राहिला. महाराष्ट्रात रिक्षाच्या परमिटसाठी १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मागितला जातो. जानेवारी २०१० मध्ये अशोक चव्हाण सरकारने मुंबईच्या टॅक्सी परमिटला वास्तव्य आणि मराठी या अटी लावायचं ठरवलं. गदारोळ झाला आणि भाषेबद्दल सारवासारव करावी लागली. पुढे दिवाकर रावते परिवहनमंत्री असताना रिक्षा परमिटसाठी मराठी सक्तीची झाली. त्याबाबतचं फेब्रुवारी २०१६ चं परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये रद्द केलं.

मी मराठीत लिहितो, मराठीवर माझं प्रेम आहे. पिशोरला निघालेल्या म्हातारीने रस्ता सांगितला तर रिक्षावाल्याला तो कळलाच पाहिजे. पण कामापुरती मराठी काही महिन्यांत शिकता येते. पंधरा वर्षांचं वास्तव्य कुठल्या वर्गात शिकवणार?

आता प्रश्न आणखी खाली, जन्माच्या दाखल्यापर्यंत गेला आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर वर्षापेक्षा जास्त उशिरा केलेल्या जन्मनोंदीचे आदेश जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी देऊ लागले. बांगलादेशी आणि रोहिंग्यांनी असे दाखले मिळवल्याचे आरोप झाले. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमलं आणि उशिराच्या नोंदी थांबवल्या. मार्चमध्ये कडक नियम आले.

खोटा दाखला करणाऱ्यावर आणि देणाऱ्यावर जरूर गुन्हा दाखल करा. पण उशिरा नोंद का होते, हे कन्नड तालुक्यातल्या कुणालाही विचारा. बाळंतपण घरी झालं. आई ऊसतोडीला गेली होती, मूल फडातच जन्मलं. मूल शाळेत टिकलं नाही, म्हणून टीसी नाही. हे मुसलमान मोहल्ल्यात घडतं तसंच बंजारा तांड्यावर आणि भटक्यांच्या पालावरही घडतं. फरक एवढाच, की कागद नसला तर तांड्यावरच्या पोराला अडाणी म्हणतात आणि आमच्या पोराला बांगलादेशी. वयाचा पुरावा अडला की वाहन परवाना अडतो आणि त्याबरोबर ड्रायव्हरची नोकरीही.

यावर विचारलं जाईल, 'मग काय घुसखोरांनाही परवाने द्यायचे?' प्रश्न टाळण्यासारखा नाही. राज्यघटनेच्या कलम १९ मधलं व्यवसायाचं स्वातंत्र्य फक्त नागरिकांना आहे. कलम १४ आणि २१ मात्र 'व्यक्ती'बद्दल बोलतात, आणि उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात म्हटलं. कोण नागरिक आहे, याचा निवाडा त्यासाठी नेमलेल्या यंत्रणेने, सुनावणी घेऊन करावा. तो आरटीओच्या कारकुनाचा विषय नाही. परवाना नाकारल्याने कुणी देश सोडून जात नाही. तो विनापरवाना गाडी चालवतो, मालक त्याला अर्ध्या पगारात राबवतो आणि अपघात झाला की तो पळून जातो.

कॅलिफोर्नियाने जानेवारी २०१५ पासून कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांनाही परीक्षा घेऊन वाहन परवाने दिले. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये तपासलं तेव्हा अपघात वाढलेले नव्हते आणि धडक देऊन पळून जाण्याचे प्रकार कमी झाले होते. त्याच राज्याने २०१४ मध्ये कायदा करून व्यावसायिक परवान्यांसाठी सोशल सिक्युरिटी नंबरऐवजी कर भरणाऱ्याचा क्रमांक चालेल, असं ठरवलं.

आपल्या मध्यमवर्गाला हे दुःख अनोळखी नाही. एच-१बी व्हिसावर गेलेल्या मराठी इंजिनिअरांच्या बायका पदव्या असूनही घरी बसून होत्या. मे २०१५ पासून त्यांच्यातल्या काहींना कामाची परवानगी मिळाली, तेव्हा इथल्या आईबापांना आनंद झाला. मग तोच न्याय आपल्या गावातल्या खिडकीवर का नको?

माझी मागणी मोठी नाही. रिक्षा परमिटसाठी १५ वर्षांची अट काढा. त्याऐवजी गाडी, रस्ते आणि कामापुरती मराठी यांची परीक्षा घ्या. जन्मनोंद उशिरा झालेल्याकडून वयाचे इतर पुरावे घ्या, आणि दाखला रद्द करायचा असेल तर आधी त्या माणसाचं म्हणणं ऐका. ज्या पोराला गाडी नीट चालवता येते, त्याच्या हातात परवाना असला तर घाटातल्या प्रवाशाचंही भलंच होईल.