खेळ थांबविण्याचा अधिकार कुणाचा?

नवी मुंबईतील सानपाडा येथे ऑगस्ट २०१४ मध्ये थरांचा सराव सुरू असताना वरून कोसळून एका १४ वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. दहीहंडीचा सण अजून काही दिवस दूर होता. त्यामुळे लाखांची बक्षिसे नव्हती, व्यासपीठावर पुढारी नव्हते, की ध्वनिवर्धकाच्या भिंतीही नव्हत्या. होता तो केवळ सराव. उत्सवाचा गाजावाजा सुरू होण्यापूर्वीच एक बळी गेला, आणि तरीही त्या वर्षीचा उत्सव नेहमीच्याच थाटात पार पडला. दहीहंडीतील मृत्यूंचा विचार करताना याच विसंगतीपासून सुरुवात करायला हवी.

गर्दीसमोर होणाऱ्या जीवघेण्या कसरतींचा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. नव्वदच्या दशकात केबल टीव्हीवर मुष्टी-मल्लांची नाटकी लढत पाहत आणि त्यांच्या चित्रांचे पत्ते खेळत वाढलेल्या शहरी मराठी पिढीला ओवेन हार्ट हे नाव आठवत असेल. हा ३४ वर्षांचा कॅनेडियन मल्ल २३ मे १९९९ रोजी अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथील केम्पर अरेना या बंदिस्त क्रीडागारात छतावरून दोराने रिंगणात उतरणार होता. रिंगणाजवळ पोहोचताच चटकन सुटता यावे म्हणून त्याच्या पट्ट्याला झटक्यात उघडणारी कडी लावलेली होती. ती वरच उघडली आणि सुमारे ७८ फुटांवरून तो खाली आदळला. प्रेक्षागारातील अनेकांना हाही कार्यक्रमाचाच भाग वाटला. घरी दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्यांना समालोचक जिम रॉस यांना निक्षून सांगावे लागले, की हे नाटक नव्हे. काही वेळ थांबून कार्यक्रम पुढे सुरू झाला. हार्टच्या मृत्यूची बातमी पुढे दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांना देण्यात आली, पण प्रत्यक्ष उपस्थित असलेल्यांना नाही. ज्या रिंगणात तो कोसळला, त्याच रिंगणातील उरलेल्या लढतींना लोक टाळ्या देत राहिले. त्याच्या कुटुंबीयांनी दावा दाखल केला, आणि २००० मध्ये १ कोटी ८० लाख डॉलर्सवर तो मिटला.

कॅन्सस सिटी आणि सानपाडा यांत वरकरणी काहीच साम्य नाही. एकीकडे पैसे मोजून पाहायचा व्यावसायिक तमाशा, तर दुसरीकडे लोकोत्सव. मात्र दोन्हीकडे प्रेक्षकाच्या नजरेची एक अडचण सारखीच आहे. तिथे पडणे हे नाटक समजले जाते, इथे पडणे हा खेळ समजला जातो. थर कोसळणे ही दहीहंडीतील नित्याची घटना आहे. थर डगमगू लागले की गर्दीचा श्वास रोखला जातो, कोसळले की आरोळी उठते आणि पुढचे पथक सलामीसाठी सरसावते. जे वारंवार घडते आणि बहुतेक वेळा निभावते, त्यातले न निभावणारे वेगळे ओळखू येत नाही. ते ओळखू येते तेव्हा उशीर झालेला असतो.

वास्तविक यातील धोका अंकगणिताने मांडता येतो. २० फुटांवरून मोकळे पडणारे शरीर जमिनीला ताशी सुमारे ३९ किलोमीटर वेगाने भिडते. ४० फुटांवरून तोच वेग ताशी ५५ किलोमीटरच्या घरात जातो. २०१२ मध्ये ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ४३.७९ फूट उंचीचा नऊ थरांचा विक्रम गिनेस बुकात नोंदविला. खाली उभे असलेले हात हा आघात पुष्कळसा झेलतात हे खरे. परंतु हात चुकले तर डांबरी रस्ता काही झेलत नाही. शिवाय सर्वात वरच्या थरासाठी वजनाने हलका गोविंदा हवा असतो. म्हणजे सर्वाधिक उंचीवर सर्वात लहान वयाचे मूल, हे या रचनेतच दडलेले गणित आहे.

न्यायालयांनी नेमके याच दोन गोष्टींवर, उंची आणि वय यांवर, बोट ठेवले. ११ ऑगस्ट २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. व्ही. एम. कानडे व न्या. पी. डी. कोदे यांच्या खंडपीठाने थरांची उंची २० फुटांपर्यंत मर्यादित केली आणि १८ वर्षांखालील मुलांना मनाई केली. काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. २०१६ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने हे निर्बंध शिथिल करण्यास नकार दिला. ऑगस्ट २०१७ मध्ये न्या. भूषण गवई व न्या. मकरंद कर्णिक यांच्या खंडपीठाने १४ वर्षांखालील मुले सहभागी होणार नाहीत हे राज्य सरकारचे निवेदन स्वीकारले आणि उंचीचा निर्णय न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवला. तीन वर्षांत उंचीची मर्यादा आली, स्थगित झाली, परतली आणि गेली. वयाची अट १८ वरून १४ वर आली.

अर्थात, उरलेली अट तरी पाळली जाते का? ऑगस्ट २०२५ मध्ये दहिसर येथे थरावरून पडून ११ वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. तोही सरावातच. सानपाड्यापासून दहिसरपर्यंतच्या ११ वर्षांत नेमकी हीच फट बुजलेली नाही. गाद्या, शिरस्त्राणे, सुरक्षा पट्टे, रुग्णवाहिका, पोलीस बंदोबस्त ही सारी व्यवस्था उत्सवाच्या दिवसाभोवती आणि आयोजकाभोवती उभी राहते. सराव मात्र कित्येक रात्री वस्तीच्या मैदानात, गल्लीत, उघड्या जमिनीवर चालतो. तिथे आयोजक नसतो, परवानगी नसते, त्यामुळे जबाबदारही कोणी नसतो.

२०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी क्रीडाप्रकाराचा दर्जा जाहीर केला. त्याचबरोबर मृत गोविंदाच्या वारसांना १० लाख, दोन्ही डोळे अथवा दोन अवयव गमावल्यास साडेसात लाख आणि एक गमावल्यास ५ लाख रुपयांचे साहाय्यही जाहीर झाले. ही मदत आवश्यक आहे, यात शंका नाही. परंतु भरपाई म्हणजे सुरक्षा नव्हे. खेळाचा दर्जा द्यायचा, तर प्रशिक्षित मार्गदर्शक, सरावाचे नियम, पंच आणि खेळ थांबविण्याचा अधिकार असलेला माणूस, हेही त्या दर्जासोबत यायला हवे. मुष्टियुद्धात पंच लढत थांबवू शकतो, क्रिकेटमध्ये पंच खेळ रोखू शकतो. हंडीखाली थर लटपटू लागल्यावर ‘उतरा’ असे म्हणण्याचा अधिकार कुणाला आहे? पथकाच्या प्रशिक्षकाला बक्षीस खुणावत असते, आणि आयोजकाला गर्दी.

या खेळाची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे झिडकारण्याजोगे नाही. गिरणगावापासून नवी मुंबईच्या वसाहतींपर्यंत पथकांतील बहुसंख्य तरुण कष्टकरी घरांतले आहेत. शिस्त, परस्परविश्वास आणि आपल्या वस्तीचे नाव दुमदुमण्याचा आनंद त्यांना या खेळात मिळतो. उत्सव बंद करा, हे सल्ले बहुधा वातानुकूलित खोलीतून येतात. पण परंपरेचा हवाला देणाऱ्यांनी हेही आठवावे, की लाखांची बक्षिसे आणि थरागणिक वाढणारे आकडे ही परंपरा नव्हे. ती गेल्या काही दशकांतील राजकीय पुरस्कर्त्यांची देणगी आहे.

परंपरा आणि सुरक्षा एकत्र नांदू शकतात, याचे उदाहरण स्पेनमधील कॅटलोनियात आहे. तेथील मानवी मनोऱ्यांना युनेस्कोने २०१० मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला. २००६ मध्ये तेथे एका १२ वर्षांच्या मुलीचा पडून मृत्यू झाल्यानंतर वर चढणाऱ्या मुलांसाठी शिरस्त्राण रूढ झाले. तिथली आणखी एक रीत लक्षणीय आहे. मनोरा रचला एवढ्याने पूर्ण यश मानले जात नाही. तो सुखरूप उतरविला तरच पूर्ण गुण मिळतात. आपल्याकडील जाणती पथकेही सुखरूप उतरण्यातच खरे कौशल्य मानतात. त्यांची ही समजूत सर्वत्र बक्षिसाच्या नियमात आणली, तर उंचीच्या हव्यासाला आपोआप लगाम बसेल.

त्याखेरीज तीन गोष्टी महापालिका आणि पोलिसांना करता येण्याजोग्या आहेत. पथकांबरोबर त्यांच्या सरावाच्या जागांचीही नोंद व्हावी व गाद्यांशिवाय सरावास मनाई असावी. प्रत्येक मोठ्या हंडीवर आयोजकाशी संबंध नसलेला सुरक्षा अधिकारी असावा, आणि त्याचा शब्द अखेरचा असावा. गंभीर दुर्घटना घडल्यास कार्यक्रम तेथेच थांबवून उपस्थितांना तसे सांगणे बंधनकारक व्हावे.

यातील शेवटची अट किरकोळ वाटेल. पण कॅन्सस सिटीचा धडा तोच आहे. तिथल्या प्रेक्षकांना खरे सांगितले असते, तर कितीजण टाळ्या वाजवत बसले असते? बघ्यांची गर्दी निर्दय नसते. बहुधा तिला काय घडले हेच ठाऊक नसते. ते तिला कळू न देण्यात मात्र कुणाचा तरी लाभ असतो. सातव्या थरासाठी ओरडणाऱ्याला पाचव्या थरावरच्या मुलाचे वय ठाऊक असेल, तर त्याचा आवाज नक्कीच थोडा खाली येईल.